बँड सोडायच्या आधी वही उघड

पत्र, थोडं आखडून :

"काका, मी उदगीरचा, वय २७. गिटार वाजवतो, गाणी लिहितो, चालीही मीच लावतो. लातूरला इंजिनिअरिंगला असताना आम्ही पाच जणांनी बँड काढला, त्याला सहा वर्षं झाली. गणपती, नवरात्र, लग्नातलं संगीत, कॉलेजची गॅदरिंग असं चालू असतं. दोन तासांच्या कार्यक्रमात हिंदी गाणी वीस-बावीस, माझी दोन. तीही लोक जेवायला उठले की. मागच्या महिन्यात आमच्या गायकानं माझं एक गाणं स्वतःच्या नावानं नेटवर टाकलं. विचारलं तर म्हणतो, 'म्हणलं तर मीच की.' आता पुण्याच्या एका कंपनीनं माझ्या एकट्याच्या नावानं सहा गाण्यांचा करार पाठवलाय, एकरकमी तीस हजार. मी पॉलिटेक्निकला तासिका तत्त्वावर शिकवतो. बाबा म्हणतात, गिटारीनं पोट भरत नाही. बँड सोडून एकट्यानं सुरू करू का? तासिका सोडून पुण्याला जाऊ का? ता. क. : या उन्हाळ्यात गिटारचा ब्रिज (तारा जिथं अडकतात ती लाकडी पट्टी) मागून उचलला गेलाय. त्याचं काय करू?
— एक गिटारवाला"

प्रिय गिटारवाल्या,

तुझं मूळ पत्र चार पानांचं. छापताना कात्री लावली, राग मानू नकोस. पण चारही पानं मी पेन्सिल घेऊन वाचली. बँड, पुणे आणि ब्रिज असे तीन प्रश्न तू विचारलेस. चौथा विचारलाच नाहीस, आणि पहिले दोन त्याच्यावरच अडून बसलेत : ही गाणी कुणाची?

तू म्हणशील, माझी. १९९४ साली मीही हेच म्हणत होतो. तेव्हाच्या औरंगाबादेत एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचो. रात्रीचे दीडशे रुपये आणि जेवण. एकदा टेम्पोच्या हौद्यात स्पीकरच्या खोक्यावर बसून चाललो होतो. सेलूच्या अलीकडे रेल्वेचं फाटक लागलं आणि गाडी जाईपर्यंत एक चाल सुचली. मालकांना ऐकवली. "झकास आहे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आमच्या कार्यक्रमाची सुरुवातीची धून झाली. मी आठ दिवस हवेत. पुढच्या वर्षी परभणीच्या बसस्थानकावर केळी घेत होतो, तर शेजारच्या कॅसेटच्या टपरीवर तीच चाल. वर देवीचे शब्द चढवलेले. कॅसेट उलटून पाहिली : संगीत, आमचे मालक. अठ्ठावीस रुपये मोजून मी माझीच चाल विकत घेतली. भांडायला गेलो तर मालक पानाला चुना लावत शांतपणे म्हणाले, "कागद दाखव." माझ्याकडे कागद नव्हता. वहीत तारीख घालून चार स्वरसुद्धा लिहिलेले नव्हते.

म्हणून आधी वही उघड.

कायद्याच्या नजरेत तुझं एक गाणं म्हणजे तीन वेगळ्या वस्तू आहेत. शब्द ही एक, चाल ही दुसरी, आणि रेकॉर्डिंग ही तिसरी. शब्द ज्यानं लिहिले त्याचे, चाल ज्यानं लावली त्याची. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क ते लिहिलं किंवा बांधलं तेव्हाच जन्माला येतो. नोंदणी केली तर पुरावा भक्कम होतो, पण नोंदणी नाही म्हणून हक्क नाही असं होत नाही. तो तुझ्या हयातभर आणि नंतर ६० वर्षं टिकतो. रेकॉर्डिंगचं वेगळं : ते करवून घेण्यात ज्यानं पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली, त्याचं. स्टुडिओचे पैसे पाचांनी मिळून भरले, असं तू लिहिलंयस. मग त्या रेकॉर्डिंगवर पाचही जण हात ठेवतील, आणि त्यांचं फारसं चुकणार नाही.

म्हणजे तुमचा गायक "म्हणलं तर मीच की" म्हणतो ते पाव खरं आहे. गायक म्हणून त्याचं नाव लागलंच पाहिजे, गाणाऱ्यालाही कायद्यानं हक्क दिलेत. पण गीत आणि संगीत यापुढे त्याचं नाव लागत नाही. त्याला नोटीस धाडू नकोस, आणि ग्रुपवर तर मुळीच लिहू नकोस. ग्रुपवर काढलेलं भांडण पाच जणांचं राहत नाही, पाच घरांचं होतं. त्याला एकट्याला चहाला ने आणि सांग, "गायक तू, गीत-संगीत मी, आज रात्री बदलून टाक." बहुतेक पोरं बदलतात. सहा वर्षं एका गाडीत झोपलेल्या माणसाला चोर ठरवण्याआधी एवढी एक संधी द्यावी.

आता तुझी पाळी. तिसऱ्या पानावर कंसात तू लिहिलंस, की पावसाच्या गाण्याची सुरुवातीची धून "खरं तर बेसवाल्याला सुचली". कंसात! चार पानांत त्या पोराचं एवढंच काय ते दर्शन, आणि ड्रमवाला तर कुठंच नाही. ती धून गाण्यात परत परत येत असेल, लोक तीच गुणगुणत घरी जात असतील, तर तो चालीचा भाग आहे आणि संगीताच्या नावात बेसवाला बसतो. ड्रमच्या ठेक्याला कायदा सहसा चाल मानत नाही. तरी मनानं मोठे असलेले बँड त्यालाही थोडा वाटा देतात. किती, ते तुम्ही ठरवा. एका गाण्याला एक कागद : शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाला किती टक्के, तारीख, पाचांच्या सह्या. माझ्या मालकांनी मला मागितला तो कागद हाच. आणि नवी चाल सुचली की फोनवर गुणगुणून ठेव आणि स्वतःलाच मेल कर. तारीख आपोआप पडते. आमच्या वेळी ही सोय असती तर माझे अठ्ठावीस रुपये वाचले असते.

पुण्याचा करार. त्याचा फोटो तू पाठवलास ते बरं केलंस. "कायमस्वरूपी, संपूर्ण जगात, सर्व ज्ञात व अज्ञात माध्यमांत" असं एक वाक्य त्यात आहे आणि तू त्याच्यावरून घसरून थेट तीस हजारांवर गेलास. सहा गाण्यांचे तीस म्हणजे गाण्याला पाच. तुमची एका रात्रीची सुपारी पंचवीस हजारांची असते आणि गाडी-साउंड जाऊन तुझ्या हातात साडेतीन पडतात, असं तूच लिहिलंयस. म्हणजे दीड रात्रीच्या मोबदल्यात एक गाणं, कायमचं.

कायद्यात एक सोय आहे, ती बघ. हक्क लिहून देताना मुदत घातली नाही तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश घातला नाही तर भारतापुरतं धरतात. म्हणूनच त्यांनी 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द आवर्जून घातलेत. ते फुकट पडलेले शब्द नाहीत. दुसरं, २०१२च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा करारानंही सोडून देता येत नाही. तुझ्या कागदात मात्र "यापुढे कोणताही मोबदला देय राहणार नाही" असं कलम आहे. ते कोर्टात टिकणार नाही, पण कोर्टापर्यंत जाणार कोण? उदगीरचा तासिकेवरचा मास्तर?

तेव्हा उलट पत्र लिही. भांडणाच्या सुरात नको, हिशेबाच्या सुरात. सहा नको, दोन गाणी देतो. मुदत पाच वर्षं. रॉयल्टीचं कलम कायद्याप्रमाणे. गीत-संगीत म्हणून नाव प्रत्येक ठिकाणी. आणि वर्षभरात गाणं बाजारात आणलं नाही तर हक्क परत. हे शेवटचं कायद्यात आहेच, पण ज्या करारात त्याच्याविरुद्ध लिहिलेलं असतं तिथं ते लागू पडत नाही, म्हणून स्पष्ट लिहून घे. लातूरच्या कोर्टाजवळ एखादा वकील गाठून एकदा वाचून घे. त्याची फी एका सुपारीतल्या तुझ्या वाट्यापेक्षा जास्त व्हायची नाही. कंपनी या अटींवर बोलायला तयार झाली तर बरी माणसं आहेत. "असं कुणी मागत नाही" म्हणाली तर मागणारा पहिला तू हो आणि उदगीरलाच थांब. गाणी बाहेर पडली की आयपीआरएसचा सभासद हो. गीतकार-संगीतकारांची ही संस्था १९६९ पासून आहे. गाणं कार्यक्रमात, रेडिओवर, नेटवर वाजलं की त्याचे पैसे ती गोळा करते आणि वाटते. सुरुवातीला चहाचेही निघणार नाहीत. तरी नाव असू दे.

आता एकट्यानं सुरू करायचं का.

तुझ्यासारख्यांसाठी आपल्याकडे फार जुना शब्द आहे आणि तो आपल्याच मातीत लिहिला गेलाय. तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या, सिंघण राजाच्या दरबारात शार्ङ्गदेव होता. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त शब्दांना 'मातु' म्हटलंय आणि चालीला 'धातु'. दोन्ही जो करतो तो वाग्गेयकार. मग त्यानं प्रतवारी लावलीय, आणि ती वाचून मला दरवेळी हसू येतं. दोन्ही उत्तम जमतं तो उत्तम. चाल चांगली पण शब्द मंद, तो मध्यम. शब्द सुंदर पण चाल मंद, तो अधम! आणि दुसऱ्याच्या चालीवर शब्द बसवतो, त्याला वेगळंच नाव : कुट्टिकार. माझ्या त्या कॅसेटवर देवीचे शब्द चढवणारा कुट्टिकार होता, एवढं कळल्यावर मला उगाच बरं वाटलं होतं.

हे सगळं तुझ्या दुसऱ्या पानासाठी. गायकाला "गावठी" वाटलं म्हणून तू 'काय करायलास' काढून 'काय करतोस' केलंस. दोन्ही म्हणून बघ. 'करायलास'मध्ये 'रा'वर आवाज टेकतो, लांबतो, आणि तुझी चाल नेमकी तिथेच एक मात्रा थांबते. 'करतोस' तिथं तुटतं, म्हणून मग तुला शेवटी 'रे' घालावा लागला. तो 'रे' भरावाचा आहे, ऐकणाऱ्याला कळतो. मातु बदलला, धातु लंगडला. मूळचं परत आण. उदगीरची मराठी कन्नड, तेलुगू, उर्दूच्या शेजारात वाढलीय, तिची चालच वेगळी. ती पुण्याच्या इस्त्रीतून काढलीस तर तुझ्याकडे त्यांच्यापेक्षा वेगळं काय उरलं?

पण वाग्गेयकार असणं आणि एकट्यानं अर्धा तास उभं राहणं ही वेगवेगळी कामं आहेत. दुसरं तू अजून केलेलंच नाहीस. बँडमध्ये तू तार लावत असतोस तेव्हा गायक विनोद सांगतो. तुझी कॉर्ड चुकली तर ड्रम झाकून घेतो. एकट्याचा अर्धा तास म्हणजे सहा गाणी आणि त्यांच्यामधल्या पाच उघड्या जागा. त्या जागांतच माणूस पडतो. तार उतरलीय, लोक बघतायत, खुर्ची सरकल्याचा आवाज येतोय, आणि बोलायलाही तूच.

वाजवण्याचंही तसंच. बँडमध्ये तू वरून खाली झोडत असणार, कारण खालच्या सुरांचा भाग बेसवाला सांभाळतो. एकट्याला तो भाग हातातच लागतो. इंग्लंडचा रिचर्ड थॉम्पसन ऐक. अंगठा आणि तर्जनीत पिक, म्हणजे तार छेडायची चकती, धरून तो जाड तारांवर बेस चालवतो आणि मधल्या बोटांनी बारीक तारांवर धून काढतो. डोळे मिटून ऐकलंस तर दोन गिटारी वाटतात. हे महिन्याभरात येत नाही, वर्ष धर. तोवर एक सोपी युक्ती : सहावी तार 'ई'वरून 'डी'ला उतरव आणि डीच्या गाण्यांत ती अंगठ्यानं मोकळी वाजू दे. खोलीत जरा माणसं भरल्यासारखी वाटतात.

हा थॉम्पसन मी मुद्दाम काढला. १९६७ साली, अठराव्या वर्षी तो एका बँडच्या संस्थापकांपैकी एक होता. १९६९ साली त्यांच्या गाडीला अपघात होऊन त्यांचा ड्रमर गेला, तरी तो बँडमध्येच राहिला. १९७१ला बाहेर पडला. १९७२ला स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम काढला, तो जवळपास कुणी घेतलाच नाही. मग बायकोबरोबर जोडीनं गायला, मग स्वतःचा बँड, मग नुसती अकूस्टिक गिटार घेऊन एकटा, मग परत बँड. पन्नासहून जास्त वर्षं असं आत-बाहेर चाललंय. जुन्या बँडच्या मेळाव्यांना जाऊन वाजवतोसुद्धा. बँड सोडणं म्हणजे त्याला काडीमोड वाटला नाही, माहेर बदलल्यासारखं वाटलं असेल. दिल्लीच्या इंडियन ओशनचे सुस्मित सेन बघ. १९९० साली बँड उभारणाऱ्यांपैकी ते एक, त्यांच्या गिटारीवरून तो बँड ओळखू यायचा. तेवीस वर्षांनी, २०१३ला, बाहेर पडले. बँडही चालू राहिला आणि तेही. आणि बीटल्समधला जॉर्ज हॅरिसन. तिथं दोन बड्या गीतकारांपुढे त्याच्या वाट्याला अल्बममागे एक-दोन गाणी यायची, तुझ्यासारखीच. तो वर्षानुवर्षं लिहीत आणि साठवत राहिला. १९७०ला बँड फुटला आणि त्याच वर्षी त्यानं एकदम तीन तबकड्यांचा संच काढला.

तुझ्याकडे किती साठलीत? पत्रात तू 'माझी गाणी' खूपदा म्हणतोस, पण आकडा एकदाच येतो : नऊ. त्यातली दोन अर्धी. सात गाण्यांवर बँड सोडायचा नसतो, बाळा. सात गाण्यांवर एक संध्याकाळ करायची असते. उदगीरलाच कर. एखाद्या वाचनालयाचा हॉल, नाहीतर मित्राची गच्ची, तीस खुर्च्या. माईक नको. तिकीट पन्नास रुपये ठेव, फुकट नको. फुकट आलेला माणूस फोन उचलतो. बेसवाल्याला पहिल्या रांगेत बसव आणि पावसाच्या गाण्याआधी त्याचं नाव घे. असं वर्षात चारदा जमलं, चौथ्या वेळी तू न बोलावलेली माणसं आली आणि वहीत वीस पुरी गाणी झाली, तर मला परत लिही. मग बँड सोडण्याबद्दल बोलू. तोवर बँडमध्ये एवढंच माग : दोनाऐवजी तीन गाणी, आणि त्यातलं एक जेवणाच्या आधी.

तासिका सोडू नकोस. बाबांना वाद घालून पटवायला जाऊ नकोस, त्यांनी ऐन दुष्काळात तुझी फी भरलीय, पोटाचा हिशेब त्यांना तुझ्यापेक्षा चांगला कळतो. आणि तो शार्ङ्गदेव, ज्याचा ग्रंथ आज सातशे-आठशे वर्षं झाली तरी गवई उघडतात, तो यादवांच्या दरबारी कोण होता माहितीय? राजगायक नव्हे. हिशेबखात्याचा अधिकारी. दिवसा जमाखर्च आणि रात्री बावीस श्रुती. हे बाबांना सांग, हसतील तरी.

आणि पुणेच का? उदगीरहून हैदराबाद पुण्यापेक्षा कितीतरी जवळ. शनिवारी निघून रविवारी वाजवून सोमवारच्या तासाला परत येता येतं. तिथं अकूस्टिक गाणी ऐकवायची ठिकाणं आहेत, मराठी माणसंही भरपूर आहेत. आपल्या पोरांना नकाशात पश्चिमेकडेच रस्ता दिसतो, ही मला नेहमीची तक्रार आहे.

राहिला ब्रिज. तुझी गिटार बोलेरोत राहिली होती ना दुपारभर? मे महिन्यात बंद गाडीत सरस मऊ पडतो आणि सहा तारा ब्रिज मागून उपटतात. त्यात आपली कोरडी हवा. उन्हाळ्यातल्या दुपारी आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, आणि गिटारीला पाहिजे पंचेचाळीस ते पंचावन्न. लाकूड आकसतं, फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं बाजूनं बाहेर येऊन बोटाला लागतात. तुलाही लागत असतील, बघ. सगळ्या तारा आजच सैल कर. फटीत कागद घालून बघ, तो किती आत जातो ते. झटपट चिकटवायचा गोंद फटीत ओतायचा नाही. तो लाकडात मुरला की पुढच्या कारागिराला ब्रिज काढताना वरची फळीच सोलावी लागते. हैदराबादला जाशील तेव्हाच घेऊन जा. ब्रिज पूर्ण काढून, जुना सरस खरवडून, नव्यानं चिकटवून, शिकंजा लावून रात्रभर ठेवतात. आणि पुढच्या उन्हाळ्यासाठी : प्लॅस्टिकची साबणदाणी घे, झाकणाला आठ-दहा भोकं पाड, आत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज ठेव, आणि ती केसमध्ये गिटारच्या मानेखालच्या मोकळ्या जागेत. दर तीन दिवसांनी स्पंज ओला करायचा. मृग लागला की साबणदाणी बाहेर काढ.